शोधनिबंधासाठी डिजिटल टिपणं कशी घ्यावीत? (प्लेग, १८९७ च्या उदाहरणासह)

टिपणवही

एम.ए. इतिहासाच्या मुलामुलींना शोधनिबंध लिहिताना मदत करते, त्यातून हा धागा काढावासा वाटला. "ताई, नोट्ससाठी कोणतं ॲप घेऊ?" हा प्रश्न हमखास पहिला येतो. जे हाताशी आहे ते घ्या. गूगल डॉक्स चालेल, वर्ड चालेल, ऑब्सिडियन किंवा जॉप्लिन चालेल. आधी टिपणात काय असायला हवं ते ठरवा, कारण निबंध अडतो तो तिथे.

उदाहरण एकच धरते : १८९७ च्या प्लेगमधली पुण्यातली घरतपासणी. साधनं पुष्कळ आहेत. सरकारी अहवाल आहेत, 'केसरी'चे अंक आहेत, इंग्रजी वर्तमानपत्रं आहेत, नंतरची चरित्रं आणि आठवणी आहेत. बरंचसं साहित्य स्कॅन होऊन नेटवर आलं आहे. ब्रिटिश काळातले भारतातले वैद्यकीय अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुले केलेत, राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे, इंटरनेट आर्काइव्ह आहे, प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. विद्यार्थी महिनाभर डाउनलोड करतो, पिवळ्या रंगाने ओळी रंगवतो, आणि लिहायला बसला की समोरचं वाक्य अहवालाचं, चरित्रकाराचं की आपलंच, हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून प्रत्येक टिपणात तीन आवाज वेगळे ठेवायचे. मी परिच्छेदाच्या सुरुवातीला एकेक अक्षर घालायला सांगते. 'उ' म्हणजे उतारा : साधनातले शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत, जुन्या शुद्धलेखनासकट. 'सा' म्हणजे सारांश : म्हणणं साधनाचं, शब्द माझे. 'म' म्हणजे माझं मत, शंका, पुढे काय तपासायचं ते. रंगांवर विसंबू नका. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात मजकूर नेला की रंग उडतात, अक्षर टिकतं.

साधन इंग्रजी आणि निबंध मराठीत असेल तर चौथी सवय लागते. मूळ इंग्रजी वाक्य आधी उतरवा, मराठी त्याच्या खाली लिहा. फक्त मराठी लिहून पुढे गेलात तर काही आठवड्यांनी तेच मराठी वाक्य तुम्ही अवतरणचिन्हांत टाकता आणि ते अहवालाचे शब्द म्हणून छापलं जातं.

हे 'केसरी'च्या बाबतीत फार घडताना दिसतं. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतं याचा इंग्रजी गोषवारा मुंबई सरकार दर आठवड्याला तयार करून घेत असे. तो आज सहज मिळतो, म्हणून विद्यार्थी तोच वाचतात, त्याचं मराठी करतात आणि खाली 'केसरी, १८९७' असा संदर्भ देतात. ते 'केसरी'चं मराठी नव्हेच! सरकारी भाषांतरकाराने काय निवडलं आणि ते कसं मांडलं, हे मधे आहे. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरांवरच आक्षेप घेतले होते, एवढं आठवलं तरी पुरे. टिपणात स्पष्ट लिहा : "'केसरी'तला मजकूर, सरकारी इंग्रजी गोषवाऱ्यातून, मूळ अंक पाहिलेला नाही." निबंधातही तसंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही, वाचकाशी सरळ वागणं आहे.

आता पान क्रमांक. स्कॅन केलेल्या पुस्तकात पीडीएफचं पान आणि छापील पान वेगळं असतं, कारण मुखपृष्ठ, प्रस्तावना, कोरी पानं सगळी मोजली जातात. तळटिपेत छापील पान द्यायचं. टिपणात दोन्ही ठेवा, "पृ. ४१ (पीडीएफ ५७)" असं. पहिलं परीक्षकासाठी, दुसरं तुमच्यासाठी.

आणि तारखा. पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या २२ जून १८९७ च्या रात्री, तो मेला ३ जुलैला. एका पुस्तकात खुनाची तारीख जून दिसते, दुसऱ्यात जुलै, आणि विद्यार्थी घाबरून एक खोडतो. खोडू नका. कोणत्या साधनाने कोणती तारीख कशाची म्हणून दिली आहे, तेवढं नोंदवा.

फोल्डरची रचना, टॅग, बॅकअप यावर पुढे बोलू. तुमच्या पद्धतीही लिहा.

सांदीकोपरा

वाचनखूण साठवली. मुलगी चौथ्या वर्षाला आहे, तिला आता प्रकल्प करावा लागणार आहे. हा धागा तिला पाठवला.

गोदाकाठ

ताई, मी नांदेडला एम.ए. करतोय. लॅपटॉप नाही, सगळं फोनवर. विद्यापीठातला संगणक मिळतो तेव्हा मिळतो. पीडीएफ फोनवर वाचताना टिपण घ्यायचं म्हणजे दर दोन मिनिटांनी इकडून तिकडे. त्यामुळे मी स्क्रीनशॉट काढून ठेवतो. गॅलरीत शेकडो झालेत. हे कसं आवरू?

माझा विषयही तुमच्या उदाहरणाजवळचाच आहे, प्लेग आणि वर्तमानपत्रं.

टिपणवही

@गोदाकाठ, फोनवर उत्तम काम होतं. स्क्रीनशॉट काढायला हरकत नाही, पण तो कच्चा माल आहे, त्याला टिपण समजू नका. त्याच दिवशी, झोपण्याआधी, तीन गोष्टी करायच्या. गूगल लेन्सने चित्रातला मजकूर उचलायचा, देवनागरीही उचलली जाते. तो डॉक्समध्ये 'उ' म्हणून चिकटवायचा आणि चित्राशी ताडून सुधारायचा. खाली साधन आणि पान लिहायचं. मग 'म' बोलून लिहा, मराठी व्हॉइस टायपिंग आता चांगलं चालतं. आपलं मत बोलताना ते आपसूक आपल्या शब्दांत येतं, हा त्याचा मोठा फायदा.

ज्या स्क्रीनशॉटवर पुस्तकाचं नाव दिसत नाही, त्याच्या आधी शीर्षकपानाचा एक स्क्रीनशॉट घ्यायचा. गॅलरीत ते वेळेनुसार लागतात, म्हणजे शीर्षकपान आलं की त्यापुढची चित्रं त्या पुस्तकाची, पुढचं शीर्षकपान येईपर्यंत.

जुने शेकडो एका बैठकीत आवरायला जाऊ नका. निबंधाच्या ज्या भागावर काम चाललं आहे तेवढेच उघडा. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती ईमेल, फोटो, ड्राइव्ह मिळून आहे, तेव्हा काम झालेली चित्रं काढून टाकत चला.

कपाटकिल्ली

ग्रंथालयात काम करतो, म्हणून शीर्षकपानाच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. अभिलेखागारात तर ते फारच महत्त्वाचं. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जे राज्य अभिलेखागार आहे, तिथे प्लेगचे कागद जनरल डिपार्टमेंटच्या प्लेग शाखेच्या खंडांत लावलेले आहेत. संदर्भ देताना विभाग, वर्ष, खंड क्रमांक आणि प्रकरणाचा क्रमांक, सगळं लागतं. फोटो काढायची परवानगी मिळाली असेल तर पहिला फोटो खंडाच्या पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठीचा, दुसरा प्रकरणाच्या पहिल्या पानाचा, मग आतली पानं. परवानगी नसेल तर हेच चार तपशील हाताने लिहून मग वाचायला सुरुवात करा. आमच्याकडे परत येणारे बहुतेक विद्यार्थी मजकूर पुन्हा वाचायला येत नाहीत, खंडाचा क्रमांक विचारायला येतात.

एक जुनं उदाहरण सांगतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ मध्ये सुरू झालं. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या केल्या गेल्या, आणि पहिला खंड निघाला १९७६ मध्ये. चिठ्ठी ज्याने लिहिली तो माणूस निवृत्त झाला तरी दुसऱ्याला ती वापरता येते, कारण शब्द, वाक्य आणि ग्रंथातलं स्थळ त्या एकाच चिठ्ठीवर आहे. ताई म्हणतात ती शिस्त तिथे कागदावर पाळली गेली. आपलं टिपण असं असावं की अनोळखी माणसालाही त्यावरून मूळ पान काढता यावं.

रानजाई

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. पहिल्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाला 'उ', 'सा', 'म' लावत बसलं तर वाचनाची लय मोडते. अहवालाचा एकूण रोख काय, लेखक कोणाला उद्देशून लिहितोय, काय सांगायचं टाळतोय, हे सलग वाचल्याशिवाय कळत नाही. मी अर्थशास्त्रात एम.फिल. केलं तेव्हा पहिलं वाचन निव्वळ वाचन असे. हातात पेन्सिलही नाही. दुसऱ्या वाचनात टिपणं. त्यामुळे टिपणं कमी झाली आणि नेमकी झाली. आता डिजिटलमुळे उचलणं इतकं सोपं झालंय की मुलं अख्खी पानं उचलतात. टिपण घेणं म्हणजे मुळात सोडून देणं, असं मला मनापासून वाटतं.

टिपणवही

@रानजाई, छोट्या लेखासाठी आणि एखाद्या प्रकरणासाठी तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. सलग वाचनाला पर्याय नाही. पण सरकारी अहवाल चार-पाचशे पानांचा असतो, त्यातली घरतपासणीची पानं पन्नास, आणि विद्यार्थ्याला तो ग्रंथालयात एकदाच मिळणार असतो. दुसऱ्या वाचनाची चैन सगळ्यांना नसते. अशा वेळी मी मधला मार्ग सुचवते. पहिल्या वाचनात फक्त पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द : "पृ. ४१, सैनिकांची पथकं", "पृ. ६३, देवघरात प्रवेश". तो दिवस संपायच्या आत त्यातल्या खरोखर लागणाऱ्या जागांची पूर्ण टिपणं.

जास्त उचलण्याबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. 'म' नसलेलं टिपण मी विद्यार्थ्याला परत करते. हा उतारा का घेतला, हे एका ओळीत लिहिता येत नसेल तर तो घेऊच नये.

निळीशाई

लंडनहून लिहितेय, इथे पीएच.डी. चालू आहे. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांवर काम करते. दोन साधनांबद्दल सांगते, दोन्ही फुकट आहेत.

झोटेरो बहुतेकांना माहीत असेल. संदर्भसूची आपोआप होते म्हणून लोक घेतात, पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग टिपणांचा आहे. पीडीएफ त्यातच उघडतं, ओळ निवडून टीप लिहिली की ती त्या पानाला बांधली जाते, आणि सगळ्या टिपा एकत्र काढल्या तर प्रत्येक टिपेसोबत पान क्रमांक येतो. छापील आणि पीडीएफ पानाचा घोळ तिथेच मिटवता येतो, कारण टिपेचा पान क्रमांक बदलून पुढच्या पानांनाही तीच मोजणी लावता येते. झोटेरोच्या स्वतःच्या साठवणीत फुकट जागा ३०० एमबीच आहे. स्कॅन जड असतात, म्हणून फाइली आपल्या संगणकावर ठेवून फक्त नोंदी सिंक करा.

दुसरं ट्रॉपी. अभिलेखागारातले फोटो लावण्यासाठीच ते केलेलं आहे. एका पत्राचे पाच फोटो एका नोंदीखाली बांधता येतात आणि खंड क्रमांक एकदाच लिहावा लागतो. फोनवर मात्र चालत नाही, गोदाकाठ यांना विद्यापीठातल्या संगणकावर बघावं लागेल.

मराठी पुस्तकं झोटेरोत भरताना लेखकाचं नाव आडनाव आधी असं दोन रकान्यांत भरा, नाहीतर सूची लावताना गोंधळ होतो. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर इसवी सन तारखेच्या रकान्यात आणि शके जादा माहितीत. शके १८१९ मध्ये ७८ मिळवले की १८९७ येतं, पण शके वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या मजकुराला ७९ मिळवावे लागतात. तिथे तिथी नीट बघा.

टिपणवही

@निळीशाई, छान लिहिलंत. शके वर्षाच्या मुद्द्याची तर मी वाटच पाहत होते.

आता मराठीत टिपणं घेणाऱ्यांची खास अडचण. इंग्रजीतल्या सल्ल्यांत ती कुठेच नसते. डिजिटल टिपणांचा सगळा भरवसा शोधण्यावर असतो, आणि आपला शोध नेमका तिथे फसतो.

१९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत', 'पुणें' असं असतं. तुम्ही 'काही' शोधलंत तर 'कांहीं' सापडणार नाही. उतारा तर जसाच्या तसा ठेवायचा आहे. उपाय असा की उताऱ्याखाली आजच्या शुद्धलेखनात तीन-चार खुणेचे शब्द लिहा : प्लेग, पुणे, घरतपासणी, सैनिक. जुना लेखक 'ग्रंथिक सन्निपात' म्हणेल, कुणी नुसतं 'गांठ' म्हणेल, इंग्रजी अहवालात आणखी काही असेल. खुणेचा शब्द एकच ठेवा आणि शोध त्याच्यावर करा.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. 'दुसऱ्या'मधला र आणि 'ॲप'मधला ॲ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधताना वेगळे. दोन वेगळे कीबोर्ड वापरले की हे होतंच. खुणेच्या शब्दांत ही अक्षरं टाळा. आकड्यांचंही तसंच, देवनागरी की इंग्रजी ते एकदा ठरवा आणि त्यालाच धरून राहा.

तिसरं, पीडीएफमधून कॉपी केल्यावर मजकुराचा चिवडा होतो, ते युनिकोडआधीच्या फाँटमुळे. त्या पानाचं चित्र करून अक्षरओळख (ओसीआर) चालवा. गूगल ड्राइव्हमध्ये चित्र डॉक्सने उघडलं की होतं, संगणकावर टेसरॅक्ट या प्रोग्रॅममध्ये मराठीची सोय आहे. जुन्या खिळाछापाची जोडाक्षरं आणि अनुस्वार हमखास चुकतात, तेव्हा ओळीओळीने ताडून पाहिल्याशिवाय 'उ' लावू नका.

फोल्डरबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. साधनं एका जागी, टिपणं एका जागी, निबंधाचे मसुदे एका जागी. फाइलच्या नावात साधनाची तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे १८९७-०६-१५ चा 'केसरी' आपोआप १८९७-०६-२२ च्या आधी लागतो. आणि आठवड्यातून एकदा सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर.

पायवाट

दोन प्रश्न. साहित्यचौर्य तपासणीत टक्के जास्त आले तर? आणि एआयकडून सारांश करून घेतले तर चालतील का?

कपाटकिल्ली

पहिल्याचं उत्तर मी देतो. यूजीसीची २०१८ ची नियमावली आहे, तिच्यात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा पायऱ्या आहेत. रीतसर संदर्भ दिलेले उतारे मोजणीतून वगळायचे असतात. म्हणजे टिपणात 'उ' आणि 'सा' वेगळे असतील तर या आकड्याची धास्ती घ्यायचं कारण उरत नाही. महाविद्यालयाचे स्वतःचे नियम असतील तर तेही वाचा.

टिपणवही

@पायवाट, एआयने केलेल्या सारांशाला मी टिपण म्हणत नाही. चारशे पानांत घरतपासणीचा उल्लेख कुठे असेल, हे शोधायला त्याची मदत घ्या, जुनं अवघड इंग्रजी वाक्य समजून घ्यायला घ्या. पण त्याने दिलेला पान क्रमांक आणि अवतरण मूळ पान उघडून पाहिल्याशिवाय टिपणात येता कामा नये. ही साधनं नसलेली पुस्तकं आणि नसलेली वाक्यं पूर्ण आत्मविश्वासाने देतात. शिवाय सारांश करतानाच तर विषय डोक्यात बसतो. ते काम दुसऱ्याला देऊन विद्यार्थ्याच्या हाती काय उरणार? वापर केलात तर टिपणात तसं लिहून ठेवा आणि गाइडना सांगा.

गोदाकाठ

काल रात्री बसून एक टिपण केलं. सगळ्यांनी बघावं ही विनंती.

"सा : गोखले यांनी सांगितलं की पुण्यात प्लेगच्या तपासणीत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले (१८९७). म : सरकारी अहवालात हे येत नाही, म्हणजे दडपलं असावं."

टिपणवही

विषय फार मोलाचा निवडलास, म्हणून मोकळेपणाने सांगते. या एका ओळीत बऱ्याच गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. तपासणीच्या वेळी ते पुण्यात नव्हते. त्यांच्याकडे पुण्याहून आलेली मित्रांची पत्रं होती आणि त्या आधारावर त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' या इंग्रजी वर्तमानपत्राला सांगितलं. परतल्यावर पुरावा उभा करता येईना, पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी दिली नाहीत, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. म्हणून टिपणं दोन हवीत, आरोपाचं एक आणि माफीचं एक, प्रत्येकावर आपापली तारीख, आणि दोघांत दुवा. आरोपाच्या टिपणात "ऐकीव, पत्रांवरून" हे आलंच पाहिजे. आणि तू हे कुठे वाचलंस? वर्तमानपत्रात की चरित्रात?

तुझं 'म' मला आवडलं, पण ते प्रश्न म्हणून लिही. माफीने एवढंच सिद्ध होतं की गोखल्यांना पुरावा देता आला नाही. पुण्यात काय घडलं, याचा निकाल त्यातून लागत नाही. तुझ्या निबंधाला तिथेच वाव आहे.

गोदाकाठ

चरित्रात वाचलं, ताई. असं केलंय :

"टिपण १. सा : गोखल्यांचा आरोप, मँचेस्टर गार्डियन, १८९७. आधार पुण्याहून आलेली पत्रं, स्वतः पाहिलेलं नाही. माझं साधन चरित्र, मूळ अंक पाहायचा आहे. दुवा : टिपण २.

टिपण २. सा : गोखल्यांची माफी, १८९७, विलायतेहून परतल्यावर. माझं साधन तेच चरित्र. नेमकी तारीख आणि माफीचे शब्द पाहायचे आहेत. म : पत्रं लिहिणाऱ्यांनी नाव द्यायला नकार का दिला असेल? त्या महिन्यांत पुण्यात कोणाकोणाला अटक झाली, ते तपासायचं. दुवा : टिपण १.

खुणेचे शब्द (दोन्हीसाठी) : प्लेग, पुणे, घरतपासणी, गोखले, सैनिक."

निळीशाई

@गोदाकाठ, फार छान. टिळकांना २७ जुलै १८९७ ला अटक झाली, ती तारीख टिपण २ च्या 'म'शी जोडून ठेव, क्रम लक्षात येईल. 'नकार दिला' हे चरित्रात आहे की तुझा अंदाज? ताईंनी फक्त 'नावं दिली नाहीत' म्हटलंय. चरित्रात नसेल तर शब्द बदल.

कपाटकिल्ली

आणि जुन्या ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या डेटाबेसची वर्गणी काही विद्यापीठं भरतात. तुमच्या ग्रंथपालांना विचारा, नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून पानाची प्रत मागवता येते का तेही विचारा. मागताना वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि मजकुराचा विषय एवढं लिहून न्या. तारखेसाठी आधी चरित्राच्या तळटिपा पाहा, तिथे बहुधा दिलेली असते.